ओझरचा डबा

पाटाभोवतीच्या रांगोळीत पाय पडू नये आणि फ्रॉकची झालर निरांजनाच्या ज्योतीपर्यंत जाऊ नये, म्हणून हर्षालीने चार वर्षांच्या गोदूला दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून ठेवलं होतं. ओवाळत मात्र दुसरंच कुणी होतं... आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना!

पाटावर तिचे सासरे सोमनाथराव डोक्यावर टोपी ठेवून, हसू आवरत बसले होते. समोर त्यांची लेक, हर्षालीची नणंद उज्वला, सिन्नरहून नवऱ्यासकट खास पाडव्यासाठी आलेली. दिवाळीचा पाडवा म्हणजे लेकीने बापाला ओवाळायचा दिवस. ज्योत हळूहळू फिरत होती, सासूबाई डोळ्यांना पदर लावत होत्या, आणि हर्षालीच्या नजरेसमोर उभ्या राहिल्या होत्या ओझरच्या त्या दोन खोल्या... भिंतीला टेकवून ठेवलेला कोरडा पाट, आणि त्याच्याकडे पाठ करून बातम्यांचा आवाज वाढवत बसलेले तिचे वडील, आप्पा! आई गेल्यापासून त्या घरात सणाचं असं कुणी उरलंच नव्हतं. आज त्यांच्या कपाळाला कुणाचं बोट लागणार होतं? कुणाचंच नाही!

"हर्षाली, अगं फराळाचं आण की," सासूबाई म्हणाल्या.

"आणि ओझरचा डबा आधी!" सोमनाथराव पाटावरूनच ओरडले. "व्याह्यांचं सगळं मला अमान्य, शंकरपाळ्या सोडून!"

हॉलमध्ये हशा उसळला. हर्षालीही हसली. या घरात सात वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती... ओठांनी हसायचं आणि बाकीचं सगळं स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचं.

स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी, कडा अशा की सुरीने नव्हे, यंत्राने कापल्यासारख्या. सोमनाथरावांनी एक शंकरपाळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. निवृत्त मुख्याध्यापक ते. कुठलीही वस्तू हातात आली की ती वर्गाला दाखवावी तशी धरायची त्यांची सवय.

"बघा, बघा! विमानाचे पत्रे कापलेला हात आहे हा. माणसाचे विचार शंभर वर्षं मागे, पण कड बघा... केसाइतकी इकडे नाही की तिकडे नाही!"

"बाबा, जपून खा," उज्वलाचे यजमान म्हणाले. "प्रत्येक शंकरपाळीवर 'देश आधी' असं लिहिलेलं असेल."

"लिहिलेलं असू दे. मी आधी खातो, मग वाचतो!"

पुन्हा हशा. खालून प्रचाराची रिक्षा गेली. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे यंदा फटाक्यांच्या आवाजात भोंग्यांचा आवाज मिसळला होता. त्या आवाजाबरोबर हॉलमधलं बोलणंही हमखास वळायचं तिथे वळलं... दिल्ली, सरकार, कांद्याची निर्यात, पोरांच्या नोकऱ्या, आणि मग 'ते लोक'.

"ते लोक ना, विचारच करत नाहीत," उज्वला चकली मोडत म्हणाली. "वरून एक मेसेज आला की ढकलला पुढे. मला नवल वाटतं ते शिकलेल्यांचं. शिकून सवरून माणूस इतका कसा आंधळा होतो गं?"

'गं' म्हणताना तिने हर्षालीकडे पाहिलं होतं, पण ते सहज, चहा हवाय का असं विचारताना पाहावं तसं. कारण हर्षाली कुणीतरी असू शकते, तिला काही वाटत असू शकतं, हे त्या हॉलमध्ये कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ती पदवीधर होती. ती रोज दोन वर्तमानपत्रं वाचत होती. आणि मत देताना ती ज्या बटणावर बोट ठेवत होती ते ओझरच्या तिच्या बापाचंच बटण होतं... ते लोक म्हणजे ती होती!

तिला कुणी भुलवलं नव्हतं. गोदू जन्मल्यापासून तिच्या छातीत एक भय घर करून बसलं होतं. रात्री दाराची कडी दोनदा तपासणारं, शाळेची व्हॅन जरा उशिरा आली की रस्त्यावर धावायला लावणारं भय. त्या भयाला आधार वाटायचा तो घट्ट, जुन्या, उभ्या राहिलेल्या गोष्टींचा. देवघरातल्या दिव्याचा, घाटावरच्या आरतीचा, सीमेवर जागणाऱ्या कुणाच्या तरी पोराचा. देशालाही घरासारखा एक खंबीर कर्ता लागतो, कायदा सगळ्यांना सारखा हवा, आपलं जे आहे त्याची लाज वाटू नये... एवढंच तिला वाटत होतं. ते चूक असेल, अपुरं असेल. पण ते तिचं होतं. आणि ते उच्चारायला या भरल्या घरात तिला एक कोपरासुद्धा नव्हता!

म्हणून ती नुसती म्हणाली, "ताई, अजून चिवडा देऊ?"

*

दोन वर्षांपूर्वीचा पाडवा असा नव्हता. त्या दिवशी आप्पा, म्हणजे धोंडीराम, याच सोफ्यावर बसले होते. दिंडोरीकडच्या शेतकरी घरातला माणूस; उभी हयात ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. बायको गेल्यावर फराळाचं करायचं कुणी, म्हणून ते स्वतः शंकरपाळ्या करायला शिकले. लाटलेल्या पोळीवर चक्क स्टीलची पट्टी ठेवून कापायचे. "मापात नसंल तर बसणार कशी?" असं वर विचारायचे. दोघं व्याही एकमेकांची भरपूर थट्टा करत आणि शंकरपाळ्यांचा फन्ना उडवत.

मग त्या दिवशी कुठून तरी देशाचा विषय निघाला. सोमनाथराव बोलत गेले, आप्पा ऐकत गेले. नंतर आप्पा बोलू लागले आणि सोमनाथराव हसले. तिथेच बिनसलं.

"हसू नका, मास्तर. तुमच्यासारख्या लोकांनीच देश पोखरला. खाता इथलं आन् दुस्वास इथलाच!"

"व्याही, तुमचा दोष नाही. पत्रे ठोकता ठोकता डोक्यातही पत्राच बसतो माणसाच्या. तुम्हाला देश म्हणजे नुसती घोषणा... अडाणीपणा आहे हा, निव्वळ अडाणीपणा!"

आप्पांनी ताटली खाली ठेवली. अर्धी शंकरपाळी तीत तशीच राहिली.

"माझं शिक्षण कमी हाय, हे खरं," ते अगदी हळू म्हणाले. "पण ज्या इमानाला मी हात लावला, ते वर जाऊन खाली आलं. एकबी पोरगा पडला नाय. या घरचं पाणी आता मी पिणार नाय. तुम्ही मला हात धरून बोलावल्याबिगर या दारात पाय ठेवणार नाय."

आणि ते गेले. हर्षाली जिन्यापर्यंत धावली होती. आप्पांनी मागे वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले होते, "तू तिथंच राहा. तुझं घर ते हाय." त्या हाताचं ओझं ती अजून डोक्यावर वागवत होती!

त्यानंतर दोन्ही घरांत एकमेकांचं नाव निघेनासं झालं. पुढची दिवाळी आली. फराळाचे डबे दोन घरांमधून जातात-येतात, ते थांबलं की नातं थांबलं, असं सगळेच मानतात. आणि त्या वर्षी डबा येणार नाही हे सोमनाथराव बोलले नाहीत, पण दाराची बेल वाजली की त्यांची नजर आधी येणाऱ्याच्या हाताकडे जायची, हे हर्षालीने पाहिलं होतं. ती सगळं पाहायची. पाहण्याचीच तिला सवय होती.

मग एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर तिने मैदा मळला. आपल्या कॉलेजच्या कंपासपेटीतली पट्टी उकळत्या पाण्यातून काढली, पोळीवर ठेवली आणि एकेक शंकरपाळी मापात कापली. तळून झाल्यावर खिडक्या उघडल्या, कढई घासून जागेवर ठेवली. तो डबा पिशवीत घालून, गोदूला घेऊन ती ओझरच्या बसमध्ये बसली; आप्पांना भेटली; आणि तोच डबा न उघडता परत घेऊन आली.

"बाबा, आप्पांनी दिलाय. तुमच्यासाठी."

सोमनाथरावांनी चष्मा कपाळावर सरकवला होता. मग म्हणाले, "हं. वितळला म्हणायचा पत्रा थोडा."

आणि ओझरला? तिथे ती सासूबाईंनी दिलेला लाडू-चिवडा आप्पांच्या पुढ्यात ठेवायची आणि खालच्या मानेने सांगायची, "बाबांनी आवर्जून पाठवलंय. म्हणाले, व्याह्यांच्या हातात दे." आप्पा लाडवाकडे बघत राहायचे. "मास्तर म्हणले? स्वतः?" "हो, स्वतः." त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी तिने आणखी कितीही खोटं केलं असतं!

दोन्हीकडे तिला आनंद दिसायचा. त्या आनंदात तिला मात्र जागा नव्हती. एका बापाच्या नावाने दुसऱ्याला, दुसऱ्याच्या नावाने पहिल्याला... आणि मधल्या बसमध्ये, पिशवीतला डबा मांडीवर धरून, काचेवर कपाळ टेकवून बसलेली ती. एकटी!

यंदा मात्र तिच्याकडून एक शब्द जास्त गेला होता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी निघताना आप्पांनी विचारलं, "मास्तर काही बोलतेत का गं माझ्याबद्दल?" त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं, की ती चटकन बोलून गेली, "हो ना. आठवण काढतात. या म्हणतात एकदा." आपल्याकडे असं म्हणतातच. दारात उभं राहून सगळेच सगळ्यांना या म्हणतात. ते कुणी मनावर घेत नाही. पण ज्याने दोन वर्षं तेवढ्या एका शब्दाची वाट पाहिली...

*

दाराची बेल वाजली.

शेखरने, तिच्या नवऱ्याने, दार उघडलं. दारात आप्पा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले, डावा हात पँटच्या खिशात आणि उजव्या काखेत कापडात बांधलेला डबा.

"आप्पा?... या, या ना," शेखर गडबडला.

धोंडीराम आत आले. सरळ सोमनाथरावांसमोर उभे राहिले. घसा खाकरला. बसमध्ये पाठ केलं असावं तसं बोलू लागले.

"मास्तर, तुम्ही मोठे. दोन वर्स तुम्ही फराळ धाडला, निरोप धाडला. मी माजात होतो. यंदा तुम्ही या म्हणलात, तवा मला माझीच लाज वाटली. म्हणलं, बोलावणाऱ्याचा मान ठेवला पायजे. हे घ्या... माझ्या हातचं हाय. आई गेली तिची, तेव्हापास्नं दुसरं काय जमत नाय."

सोमनाथराव उभे राहिले होते. कपाळावर आठी पडली होती. रागाची नव्हे, न कळण्याची.

"मी?... मी कधी निरोप पाठवला? आणि डबा तर तुम्ही पाठवत होता ना? हा काय, आत्ताच खाल्ल्या आम्ही तुमच्या शंकरपाळ्या!"

"माझ्या? मी कुठं धाडल्या?"

सासूबाईंनीच पुढे होऊन कापडाची गाठ सोडली, झाकण काढलं. आत शंकरपाळ्या होत्या. एक लांबट, एक तिकोनी, एकीची कड फाटलेली, एक मधेच नागमोडी वळून भलतीकडे गेलेली... लहान मुलाने कापल्यासारख्या! शेजारी टीपॉयवर दुसरा डबा उघडा होता. त्यातल्या एकीसारखी दुसरी, पट्टीने आखल्यासारख्या.

आप्पांनी त्या सरळ शंकरपाळ्यांकडे पाहिलं, मग आपल्या डब्याकडे पाहिलं, आणि अपराध्यासारखे म्हणाले, "हात थरथरतो आता. पट्टी धरवत नाय."

सोमनाथरावांनी दोन्ही डबे पाहिले. मग ते सावकाश हर्षालीकडे वळले. त्यांच्या मागोमाग सगळा हॉल तिच्याकडे वळला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

"हर्षाली..."

"मी केल्या," ती म्हणाली. "दोन्ही वर्षं मीच केल्या. निरोपही माझेच होते. दोन्हीकडचे."

"म्हंजी..." आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी मला कुणी बोलावलंच नव्हतं? मी असाच... न बोलावता... या दारात?" त्यांचा आवाज चिरकला. "पोरी, बापाला असं उघडं पाडलंस गं!"

"आणि माझ्या नावावर!" सोमनाथरावांचाही स्वर चढला. "जे शब्द मी बोललो नाही, ते माझ्या तोंडात घातलेस तू? हा कसला खेळ चालवलायस या घरात?"

"वहिनी, हे जरा अतीच झालं हं," उज्वला पुटपुटली. शेखर जमिनीकडे बघत होता. गोदू आईच्या ओढणीत तोंड खुपसून मुसमुसायला लागली. आप्पा मागे वळले, दाराकडे चालू लागले.

आणि हर्षालीच्या आत सात वर्षं जे साचत होतं, ते फुटलं.

"खेळ? बाबा, मी खेळत होते असं वाटतं तुम्हाला? ते लोक, ते लोक म्हणत हसता ना तुम्ही सगळे... ते लोक म्हणजे मी आहे! मला आप्पांसारखंच वाटतं. देवाबद्दल, देशाबद्दल, सगळ्याबद्दल. माझं मतही तिथेच जातं. कुणी ढकललेला मेसेज वाचून नाही. माझं डोकं वापरून! मी आंधळी आहे, बाबा? मी अडाणी आहे? तुमच्या नातीला बाराखडी मीच शिकवते ना? मग एकदा... एकदा तरी विचारायचं होतं, हर्षाली, तुला काय वाटतं. चहा हवाय का, एवढंच विचारलंत तुम्ही मला!"

"हर्षाली..." शेखर पुढे झाला. "अगं, मला तरी सांगायचंस..."

"तू कधी विचारलंस, शेखर?"

ती दाराकडे वळली. आप्पा पाठमोरे, दाराशी ठेवलेल्या सँडलमध्ये पाय घालत होते.

"आणि आप्पा, तुम्हीसुद्धा! देश पोखरला म्हणालात तुम्ही यांना. याच माणसाने उभं आयुष्य खेड्यापाड्यातली पोरं शिकवली. त्यातली किती तरी फौजेत गेली, त्यांची पत्रं अजून त्यांच्या कपाटात आहेत. तुमच्या कारखान्यातही त्यांचे विद्यार्थी होते, तुम्हीच सांगायचात ना? तुम्हा दोघांनाही देशाची एवढी काळजी... आणि देश राहिला बाजूला, मी दोन दिवाळ्या बसमध्ये बसून नुसती रडत होते! मला पाडव्याला बाप नको होता का ओवाळायला?"

तिचा आवाज संपला. हुंदका तेवढा उरला.

आप्पा वाकून सँडलचा पट्टा लावत होते. पट्टा बकलात जाईना. बोटं थरथरत होती, बकलापाशी जायची आणि निसटायची. विमानाचा एकेक खिळा ज्यांनी न चुकता बसवला ती बोटं... परत जायची, परत निसटायची. सगळेजण बघत होते आणि कुणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

सोमनाथराव चालत आले. गुडघे दुखतात म्हणून देवापुढेही खुर्चीवर बसणारा तो माणूस भिंतीला धरून खाली बसला. त्याने व्याह्यांचे हात बाजूला केले आणि पट्टा धरला.

"मास्तर, काय करताय! सोडा, पाप लागंल मला!"

"गप्प बसा हो जरा." त्यांनी पट्टा बकलात घातला नाही. जो थोडा गेला होता, तोही काढला. सँडल पायातून ओढून बाजूला ठेवली. मग खाली बसल्या बसल्याच वर पाहिलं. डोळे भरून आले होते. "हात धरून बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाला होतात ना? पाय धरून बोलावतोय. या आत."

"मास्तर..."

"माझे विचार बदललेले नाहीत."

"माझेबी नाय."

"मग बसा. दोघं मिळून भांडू. आधी मला उठवा, गुडघा धरलाय."

आप्पांनी त्यांना हात दिला. थरथरता हात आणि दुखरा गुडघा, एकमेकांना सावरता सावरता दोघेही भिंतीवर आदळले. सासूबाई रडता रडता हसल्या. "उज्वला, निरांजन विझलं का गं?"

"नाही, आई."

"मग ताट हर्षालीला दे."

पाटावर आप्पा बसले. हर्षालीने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ज्योत फिरवली. आप्पांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, डोळे मिटून घेतले होते, आणि मिटल्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. गोदूने विचारलं, "आई, आप्पांना बाऊ झाला?"

*

पाहुण्यांची गर्दी पांगली. उज्वला निघताना वहिनीच्या गळ्यात पडली खरी, पण तिच्या डोळ्यांत आता एक सावध अंतर होतं. आजवर जी घरची होती ती अचानक दुसऱ्या बाजूची निघाल्यासारखं. हर्षालीला ते दिसलं. या हॉलमधलं हसू इथून पुढे ती आली की जरा थबकणार, हेही तिला कळलं. बोलल्यानेही माणूस एकटा पडतो, हे तिने गृहीत धरलं नव्हतं.

दिवेलागणीला शेखर आप्पांना गाडीवर ओझरला सोडायला निघाला. सोमनाथरावांनी स्वतः डबा भरून दिला. सरळ शंकरपाळ्यांचा. "ह्या तुमच्या लेकीच्या, तुम्ही न्या. वाकड्या माझ्या." आप्पांनी डबा काखेत धरला आणि डावा हात पुन्हा खिशात घातला.

हर्षाली गॅलरीत आली. दिवाळीत एक पणती सीमेवरच्या पोरांसाठी लावायची, ही आप्पांची रीत. इथे ती दरवर्षी कुंडीच्या आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशी लावायची. आज तिने ती उचलून कठड्यावर ठेवली. वारा होता. ज्योत मोडून मोडून पडत होती.

मागे सपाता वाजल्या. सोमनाथराव येऊन उभे राहिले.

"व्याह्यांचा हात कधीपासून थरथरतो गं?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि तिच्या लक्षात आलं, की तिला माहीत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या ताटावर, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जिची नजर असते, तिला स्वतःच्या बापाचा हात दिसला नव्हता! तो खिशातला हात. ती स्वयंपाकघरात जाईपर्यंत निवत ठेवलेला चहा. गोदूला उचलून न घेता "तूच ये गं माझ्याकडं" म्हणणं. सगळं समोर होतं. पण ती जायची ती निरोप द्यायला आणि डबा परत आणायला. सगळं लक्ष आपल्या खोट्यावर असायचं. आणि तिला कळू नये म्हणून ते एकटेच, त्या दोन खोल्यांत, पट्टी धरायला बघत राहिले असतील...

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी पाहिलंच नाही."

सोमनाथरावांनी पणतीकडे बोट दाखवलं.

"हे त्यांचं का? सैनिकांसाठीचं?"

"हो."

"दिवे लावून कुणाचं पोर सुखरूप परत येत नसतं. मला हे पटत नाही हं, अजूनही."

"माहीत आहे, बाबा."

ते पुढे झाले. वाऱ्याच्या बाजूने उभे राहिले आणि शाल सोडून दोन्ही हातांची ओंजळ ज्योतीभोवती धरली. ज्योत स्थिरावली. खाली कुणाच्या तरी पोरांनी भुईनळा लावला, क्षणभर सगळी गल्ली पांढरी झाली आणि पुन्हा काळोखली.

"उद्या मी जातो ओझरला," ते म्हणाले. "डॉक्टरकडे न्यायला हवं त्यांना. तू चल." मग पणतीत वाकून पाहिलं. "तेल कमी आहे."

आणि ते आत गेले. स्वयंपाकघरातून एकामागून एक कपाटं उघडल्याचे, डबे सरकल्याचे, काहीतरी खाली पडल्याचे आवाज येऊ लागले. इतक्या वर्षांत त्या घरात तेल कुठे असतं हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. हर्षालीने हाक मारून सांगितलं असतं... पण तिने सांगितलं नाही. ती ज्योतीभोवती आपली ओंजळ धरून, एकटीच, ते शोधणं ऐकत उभी राहिली.